गार्ड कॉलेज बदलतो तेव्हा

४ एप्रिल २०२२ च्या रात्री अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ मध्यंतराला कॅन्ससच्या पुढे होता, ४०-२५. शेवटी तोच संघ ७२-६९ असा हरला. या संघातला केलेब लव्ह नावाचा गार्ड त्या रात्री २४ शॉट मारून मोकळा झाला आणि त्यातले ५ आत गेले. शेवटच्या सेकंदाला बरोबरीसाठी मारलेला तीन गुणांचा शॉटही त्याचाच होता. तोही चुकला. गंमत अशी की दोनच दिवस आधी उपान्त्य सामन्यात याच मुलाने ड्यूक विद्यापीठाविरुद्ध २८ गुण केले होते, आणि ड्यूकच्या संघावर ४२ वर्षे राज्य केलेल्या प्रशिक्षकाची कारकीर्द त्या पराभवावर संपली होती. शनिवारी देव, सोमवारी दगड. वर्षभराने केलेबने विद्यापीठ सोडले.

या मुलाबद्दल मी जळकोटात बसून का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. नळदुर्ग सोडले की उमरग्याच्या वाटेवर लागते. मी आयुष्यभर शारीरिक शिक्षण शिकवले. आमच्याकडच्या मैदानावर खो-खोचे खांब आणि कबड्डीच्या रेघा आधी दिसतात, बास्केटबॉलची रिंग क्वचित. पण गेल्या दहा-बारा वर्षांत दर जून महिन्यात एक प्रश्न घेऊन मुले माझ्याकडे येतात, आणि तो खेळागणिक बदलत नाही. 'सर, कॉलेज बदलू का? इथं खेळायला मिळंना.' कबड्डीचा चढाईपटू विचारतो, व्हॉलीबॉलचा सेटर विचारतो, बास्केटबॉलचा गार्ड विचारतो. या प्रश्नाचा सर्वांत मोठा, सर्वांत उघड आणि सर्वांत नोंदवलेला बाजार अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आहे. म्हणून उत्तर शोधायला मी तिकडे गेलो. तिथे सापडले ते पुरते आपल्याला लागू पडत नाही. पण बरेच पडते.

आधी गार्ड म्हणजे काय ते पाहू. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच जण कोर्टवर असतात. उंच मुले रिंगच्या जवळ खेळतात, त्यातल्या त्यात बुटकी आणि चपळ मुले बाहेर. ही बाहेरची दोघे म्हणजे गार्ड. एक पॉइंट गार्ड : चेंडू टप्पे देत पुढे नेणारा, कुणी कुठे जायचे ते सांगणारा, पास देणारा. दुसरा शूटिंग गार्ड : लांबून शॉट मारणारा. आमच्या भाषेत सांगायचे तर पॉइंट गार्ड हा कर्णधारपणा करणारा चढाईपटू आहे. फरक इतकाच की कबड्डीत चढाई संपली की तो मागे येऊन श्वास घेतो. गार्डला तेवढीही उसंत नाही, कारण अमेरिकन कॉलेजच्या नियमात तीस सेकंदांत शॉट रिंगला लागलाच पाहिजे आणि आंतरराष्ट्रीय नियमात चोवीस सेकंदांत. सामन्यातला जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, गार्डची चूक सगळ्यांना दिसते. उंच सेंटरने उशिरा पाय हलवला तर ते प्रशिक्षकालाच कळते. गार्डच्या हातातून चेंडू निसटला तर ते शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सात फूट उंचीची माणसे जगात थोडी, सहा फुटांची पुष्कळ. त्यामुळे धडपडणाऱ्या सेंटरला प्रशिक्षक दोन वर्षे सांभाळतो, कारण दुसरा मिळायचा नाही. धडपडणाऱ्या गार्डच्या मागे रांग उभी असते. कॉलेज बदलण्याचा विचार गार्डच्या मनात लवकर येतो, त्याचे मूळ इथे आहे.

आता केलेबकडे परत येऊ. तो सेंट लुईसचा. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात दाखल झाला. पहिले वर्ष वाईट गेले, शंभर शॉटमागे बत्तीसही आत जाईनात. दुसऱ्या वर्षी तो संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ च्या मोसमात, पाचपैकी चार मुख्य खेळाडू परत आले म्हणून मोसम सुरू होण्याआधी देशात पहिला क्रमांक या संघाला दिला गेला. आणि हाच संघ राष्ट्रीय स्पर्धेत पात्रसुद्धा ठरला नाही. १९८५ मध्ये स्पर्धेचा विस्तार ६४ संघांपर्यंत झाला, तेव्हापासून पहिल्या क्रमांकाने मोसम सुरू करणाऱ्या कुठल्याही संघावर ही पाळी आली नव्हती. केलेबचे दर सामन्याला सोळाहून अधिक गुण होते, पण तीन गुणांच्या दहा शॉटपैकी तीनच आत जात होते. सगळा राग त्याच्यावर निघाला.

पण त्या संघात काय बदलले होते ते नीट पाहिले पाहिजे. जो पाचवा मुख्य खेळाडू परत आला नाही तो ब्रॅडी मॅनेक. उंच असूनही लांबून अचूक मारणारा. तोही आधी ओक्लाहोमाहून विद्यापीठ बदलूनच आलेला होता, हे जाता जाता. उंच खेळाडू बाहेर उभा राहून मारतो तेव्हा त्याला अडवणाऱ्या उंच माणसालाही रिंग सोडून बाहेर यावे लागते, आणि मधली जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत गार्ड घुसतो. मॅनेक गेला, त्याच्याजागी आलेला खेळाडू चांगला होता पण तशी दहशत त्याच्या शॉटची नव्हती. मधली जागा बुजली. घुसायला वाट नाही म्हटल्यावर गार्ड बाहेरूनच अवघड शॉट मारू लागला. आमच्या खो-खोत खांबाजवळ बसलेला गडी सुस्त असला की पाठलाग करणाऱ्याचा सूर चुकतो आणि प्रेक्षक पाठलाग करणाऱ्याला शिव्या देतात. तसेच हे.

दुसरे कारण माझ्या मते याहून मोठे होते. त्याच संघात आर. जे. डेव्हिस नावाचा दुसरा गार्ड होता, केलेबच्याच वर्षाचा. दोघांनाही चेंडू हातात लागत असे. दोघेही स्वतः शॉट तयार करून मारणारे. म्हणजे एकाच विहिरीवर दोन मोटा.

मार्च २०२३ मध्ये केलेबने नाव बदली-यादीत घातले. आधी मिशिगन विद्यापीठात जायचे ठरले, पण तिथे त्याचे आधीचे श्रेयांक जुळेनात आणि तो बेत फिसकटला. खेळात देशभर गाजलेला मुलगा मार्कमेमोवर अडला, हे वाचून आमच्याकडच्या कुठल्याही पालकाला अगदी घरचे वाटेल. मग तो ॲरिझोनाला गेला. पुढच्या मोसमात काय झाले? केलेब आपल्या नव्या विभागाचा, पॅक-१२ चा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि आर. जे. डेव्हिस जुन्या विभागाचा, एसीसीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाच वर्षी, दोघेही. आदल्या वर्षी हेच दोघे एकत्र खेळताना संघ पात्र ठरला नव्हता. ज्याने संघ सोडला त्याचे भले झाले, आणि ज्याला सोडले त्याचेही. या प्रकरणात खलनायक शोधणाऱ्यांची पंचाईत झाली.

इथेच थांबलो असतो तर हा लेख 'कॉलेज बदला आणि नशीब बदला' अशा जाहिरातीसारखा झाला असता. २८ मार्च २०२४ रोजी ॲरिझोनाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत क्लेमसनकडून ७७-७२ हरला. त्या सामन्यात केलेबने १८ पैकी ५ शॉट आत घातले आणि तीन गुणांचे ९ शॉट मारले, त्यातला एकही गेला नाही. पुढच्या वर्षी ड्यूकविरुद्धच्या अशाच पराभवात त्याने ३५ गुण केले. म्हणजे माणूस तोच राहिला : चांगला दिवस आला तर अख्खा सामना फिरवणारा, वाईट दिवशीही मारतच राहणारा. बदलली ती भोवतालची माणसे, आणि अशा गड्याला सामावून घेणारी चौकट. २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही. पोर्टलंडच्या संघाने त्याला टू-वे करारावर घेतले, म्हणजे एक पाय मोठ्या संघात आणि एक पाय दुय्यम संघात.

अमेरिकेत हे इतके सोपे कायम नव्हते. पूर्वी विद्यापीठ बदलले की एक वर्ष बाहेर बसावे लागे. सराव करा, अभ्यास करा, सामना नाही. शिवाय आधीच्या विद्यापीठाच्या परवानगीशिवाय दुसऱ्या विद्यापीठाला त्या खेळाडूशी बोलणी करून शिष्यवृत्ती देता येत नसे. प्रशिक्षक रुसला तर दार बंद. ऑक्टोबर २०१८ मध्ये बदली-यादी, ज्याला तिकडे 'ट्रान्स्फर पोर्टल' म्हणतात, सुरू झाली आणि परवानगीची जागा नुसत्या सूचनेने घेतली. खेळाडूने लेखी सांगितले की दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचे नाव यादीत टाकणे विद्यापीठावर बंधनकारक. एप्रिल २०२१ मध्ये सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना एकदा न बसता बदलण्याची मुभा मिळाली. काही राज्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात उत्तीर्ण असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदलता येऊ लागले. त्यात जुलै २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले होते, आणि जून २०२५ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतूनही खेळाडूंना पैसे देण्याची वाट मोकळी करून दिली : पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत.

परिणाम अपेक्षित तोच झाला. पहिल्या श्रेणीत पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. २०२५ च्या वसंतात त्यांतल्या दोन हजारांहून जास्त खेळाडूंनी यादीत नाव घातले. दर संघामागे पाच-सहा. सगळ्यांना जागा मिळत नाही. वरून खाली येणारे, शिष्यवृत्ती गमावणारे, यादीतच राहून जाणारे यांची नावे कुणी छापत नाही. नावे छापली जातात वॉल्टर क्लेटनसारख्यांची. हा गार्ड आयोना नावाच्या छोट्या कॉलेजातून फ्लोरिडाला गेला आणि ७ एप्रिल २०२५ रोजी फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले तेव्हा तोच अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या सामन्याच्या पूर्वार्धात त्याच्या नावावर शून्य गुण होते, हे मात्र बातम्यांत दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात गेले. फ्लोरिडाचे तिन्ही मुख्य बाहेरचे खेळाडू दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले होते.

जुन्या नियमाच्या काळातला एक गार्ड मला या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. वरुण राम. भारतीय वंशाचा, उंची पाच फूट नऊ इंच. कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात तो एक वर्ष खेळला आणि मग आपल्या राज्यातल्या मेरीलँड विद्यापीठात आला, तेही शिष्यवृत्तीशिवाय, नुसता चाचणी देऊन. नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला. पुढेही तो कोर्टवर कमी आणि बाकावर जास्त. २० मार्च २०१५ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत व्हॅलपरायझोविरुद्ध मेरीलँड तीन गुणांनी पुढे होता आणि शेवटचा चेंडू समोरच्या संघाकडे होता. प्रशिक्षकाने वरुणला उतरवले, फक्त अडवायला. समोरच्या गार्डला त्याने धड शॉटच मारू दिला नाही. ६५-६२. एवढ्यासाठी चार वर्षे. त्याला परवडले की नाही ते त्यालाच ठाऊक. पण तो कुठल्या संघात कशासाठी जात आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, असे मला त्याच्या त्या काही सेकंदांवरून वाटते.

आता एक हिशेब मांडतो. तो कुणालाही वहीवर करून पाहता येईल. समजा, एक नवा गार्ड आहे. त्याचा खरा हात असा की तीन गुणांच्या शंभर शॉटमागे ३५ आत जातात. हा चांगला हात आहे. पहिल्या वर्षी त्याला दर सामन्याला दहा मिनिटे मिळतात, त्यात तो दोन शॉट मारतो, तीस सामने होतात. एकूण शॉट ६०. त्यातले २१ आत जायला हवेत. पण छापा-काट्याचे गणित सांगते की निव्वळ नशिबाने ही संख्या १४ पासून २८ पर्यंत कुठेही पडू शकते. १४ पडले तर टक्केवारी २३. सगळे म्हणतात, पोराचा हात गेला. २८ पडले तर टक्केवारी ४७. सगळे म्हणतात, हिरा सापडला. पोरगा एकच. हाताला काही झालेले नाही. आणि आमच्याकडे तर आंतरमहाविद्यालयीन सामने धरून वर्षाला दहा सामने मिळाले तरी नशीब. म्हणजे वीस शॉटवरून मुलाची, त्याच्या बापाची आणि क्रीडा संचालकाची मते बनतात. वीस शॉटवरून कॉलेज बदलायचे हे पत्त्याच्या डावावरून शेत विकण्यासारखे आहे.

त्याउलट काही गोष्टी थोड्या सामन्यांतही खऱ्या कळतात. चेंडू किती वेळा हातून गेला, किती वेळा समोरचा गार्ड याला ओलांडून आत शिरला, थकल्यावर मागे पळत येतो की चालत येतो. या गोष्टींत नशिबाचा भाग कमी असतो. आणि गंमत म्हणजे यांतली एकही गोष्ट कॉलेज बदलून सुधारत नाही.

आमच्या भागात कॉलेज बदलणे म्हणजे काय, ते नकाशा समोर घेतल्याशिवाय कळणार नाही. धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतो. जळकोटाहून छत्रपती संभाजीनगर म्हणजे पाच-सहा तासांचा एस.टी. प्रवास. पण पश्चिमेला तासाभरावर सोलापूर, आणि तिथे २००४ पासून वेगळे विद्यापीठ. उत्तरेला लातूर, ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, १९९४ पासून. दक्षिणेला थोडे गेले की कर्नाटक आणि गुलबर्गा विद्यापीठ. म्हणजे नळदुर्गच्या कॉलेजातला मुलगा सोलापूरच्या कॉलेजात गेला तर बसचा पास बदलतो, मित्र बदलतात, आणि न कळत त्याचे विद्यापीठही बदलते. ज्या जर्सीसाठी तो धडपडतो ती कॉलेजची नसते, विद्यापीठाची असते. विद्यापीठाच्या संघात बारा जण. निवड चाचणी, मग शिबिर, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांसाठी 'अश्वमेध' वेगळा.

इथे मुलांचे गणित असते की सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्याचे, आमचे चार जिल्ह्यांचे. तिथे स्पर्धा कमी. अर्धे खरे आहे. पण शहरात सिमेंटचे कोर्ट आहेत, तिथली मुले आठवी-नववीपासून रिंगखाली वाढलेली असतात, आणि आमचा मुलगा अकरावीत पहिल्यांदा खरा चेंडू हातात धरतो. चार जिल्ह्यांत बास्केटबॉल खेळणारे किती, हे मोजले तर चित्र उलटेही निघू शकते. खो-खोचा मुलगा तर सोलापूरला गेला काय अन् इथे राहिला काय, दोन्हीकडे वाघच समोर.

आमच्या गल्लीतलाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजात गेला. उंची पाच-आठ, हात चांगला, डावीकडूनही जाता येते. पहिल्या वर्षी चाचणीच्या वेळी क्रीडा संचालकांनी 'बघू' म्हटले. 'बघू' हा शब्द मराठीत होकारही असतो आणि नकारही. दुसऱ्या वर्षी संघात आला, पण पाच मिनिटांचा. त्याचे वडील मला म्हणाले, 'सर, ह्याला परत नळदुर्गला आणू का? निदान खेळंल तरी.' मी त्यांना आधी खर्चाचे विचारले, मग विषयांचे. कारण बदलीचा अर्ज म्हणजे नुसती टी.सी. नव्हे. नो ड्यूज, स्थलांतर प्रमाणपत्र, नव्या विद्यापीठाचा पात्रता अर्ज, जुन्या सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, राहिलेले विषय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे श्रेयांक एका खात्यात जमा होतात आणि एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात, ही सोय कागदावर २०२१ पासून आहे. पण विषयांची जोडी जुळली पाहिजे. मिशिगनलाही ती जुळली नव्हती. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधीचा अभ्यासक्रम अर्धवट दिसला की चौकशी निघते, ती वेगळी.

आणि वय. आंतरविद्यापीठ स्पर्धेला सतरा ते पंचवीस ही मर्यादा आहे. ऐकायला भरपूर वाटते. पण बारावीनंतर एक वर्ष भरतीच्या तयारीत, एक वर्ष शेतात, एक वर्ष कॉलेज बदलण्यात घातले की पंचविशी दारात येते. अमेरिकन मुलाला पाच वर्षांत चार मोसम मिळतात, म्हणून त्याला एक वर्ष बसणे फार जड जात नाही. आमच्या मुलाला आपली किती वर्षे शिल्लक आहेत हे कुणी मोजूनच दिलेले नसते.

शेवटी हे सगळे कशासाठी, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकन गार्डपुढे एनबीए आणि डॉलर असतात. आमच्या मुलापुढे प्रमाणपत्र असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी कोणती स्पर्धा, कोणत्या स्तरावर, कोणते स्थान, हे क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावे लागते. पोलीस भरतीच्या मैदानावर ज्याच्याकडे तपासलेले प्रमाणपत्र आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांत काय अंतर पडते ते या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यामुळे 'खेळायला मिळंना' या तक्रारीत हौस थोडी आणि पोट जास्त असते. याला कुणी नावे ठेवू नयेत. पैशासाठी विद्यापीठ बदलणाऱ्या अमेरिकन मुलाला तरी कोण कशाला नावे ठेवतो?

राहून दाखवणाऱ्यांचेही एक उदाहरण आमच्याच तालुक्याशी जोडलेले आहे. सारिका काळे धाराशिवची, गरिबीतून आलेली. धाराशिवलाच चंद्रजित जाधव यांच्याकडे खो-खो शिकली, पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या क्लबांकडे न जाता तिथेच घडली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कर्णधारपदाखाली भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकले, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. पुढे ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. मुलांच्या आया मला हे उदाहरण देतात : 'ती कुठं गेली होती का?' मी त्यांना सांगतो की ती गेली नाही, कारण तिचा प्रशिक्षक तिथे होता. खो-खोत राष्ट्रीय दर्जाचा प्रशिक्षक धाराशिवात होता. बास्केटबॉलमध्ये तो आपल्याकडे असता तर गार्डलाही हेच सांगितले असते. महाराष्ट्रात या खेळाची ताकद पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत आहे. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याची. खेळ जिथे आहे तिकडे जावे लागते. खो-खोसाठी धाराशिवला येतात, तसेच ते.

म्हणून जून महिन्यात मुलगा आला की मी त्याला कॉलेजचे नाव विचारत नाही, तिथल्या संघात आता कोण कोण आहे ते विचारतो. दोन गार्ड तिसऱ्या वर्षाला असतील तर पुढच्या वर्षी दोन जागा मोकळ्या होणार. दोघे पहिल्या वर्षाचे असतील तर तीन वर्षे बाकावर. उंच मुलगा बाहेरून मारणारा आहे का? नसेल तर तू आत घुसणार कुठून? क्रीडा संचालक सकाळी मैदानावर येतात की फक्त स्पर्धेला? कोर्टला दिवे आहेत का? केलेबला आर. जे. डेव्हिसच्या शेजारी तीन वर्षे काढून जे कळले, ते विचारायला दहा मिनिटे लागतात आणि सोलापूरचे एक तिकीट.

गल्लीतल्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही हेच केले. त्याच्या पुढचे दोन्ही गार्ड शेवटच्या वर्षाला होते. त्याच्या वडिलांनी वर्षभर आणखी खोलीभाडे भरायचे ठरवले. घरात तेव्हा सोयाबीनचा भाव पडलेला होता, हे लक्षात ठेवले तर हा निर्णय किती रुपयांचा होता ते समजेल. दुसऱ्या एका मुलाला, त्याच आठवड्यात, मी नळदुर्गला परत यायला सांगितले. त्याच्यापुढे पहिल्या वर्षाचे तिघे होते.

वेळेचे एक सांगायचे राहिले. अमेरिकेत यादी उघडते ती एप्रिलात, मोसम संपल्यावर आणि मोजक्या दिवसांसाठी. चर्चा करायला मुलाला उन्हाळा मिळतो. आमच्याकडे निकाल लागतो जूनमध्ये, प्रवेश संपतात जुलै-ऑगस्टात, आणि गणपती उठले की आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची पत्रके येतात. पत्रक आले आणि संघात नाव नाही असे दिसले की मुले बदलीचे बोलायला लागतात. तोवर प्रवेशाची मुदत संपलेली असते. तेव्हा मैदानावरची नाराजी कळवायची तर ती फेब्रुवारीत कळवावी, विषय एप्रिलात तपासावेत, आणि टी.सी.चा अर्ज निकालाच्या दुसऱ्या दिवशी करावा. नळदुर्गहून सोलापूरकडे जाणारी पहिली गाडी पहाटे सुटते. कार्यालय उघडायच्या आत पोहोचता येते.